फलाटावरचे चित्र : सहा आठवड्यांच्या नोंदी

चित्राचा विषय एका वाक्यात सांगता येतो. रात्रीची शेवटची गाडी फलाट सोडून निघाली आहे, तिच्यातून उतरलेला दहा-अकरा वर्षांचा मुलगा बाकावर बसल्या बसल्या झोपी गेलेल्या आजोबांसमोर उभा आहे, आणि त्यांना उठवावे की थोडे थांबावे हे त्याला ठरवता येत नाही. हे चित्र मी एकदा पूर्ण केले होते आणि ते फसले होते. आता तेच दृश्य 56 × 38 सेंमीच्या जाड जलरंगाच्या कागदावर पहिल्यापासून काढायला घेतले आहे. असेच एखादे दृश्य काढणाऱ्याचे काही तास वाचावेत म्हणून या नोंदी ठेवत आहे.

2 जून

जुने चित्र भिंतीला टेकवून बराच वेळ पाहिले. ‘काहीतरी चुकले आहे’ एवढेच जाणवत होते, म्हणून त्यावर ट्रेसिंग पेपर लावला आणि फलाटाची कड, छपराची कड, बाकाची पाठ, फरश्यांचे सांधे, डब्याच्या खिडक्यांची ओळ या सगळ्या रेषा पट्टीने मागे वाढवल्या. प्रत्यक्षात समांतर असलेल्या आणि आपल्यापासून दूर जाणाऱ्या रेषा चित्रात एकाच लोपबिंदूत मिळायला हव्यात. माझ्या रेषा चार ठिकाणी मिळत होत्या आणि त्यांतली दोन ठिकाणे वेगवेगळ्या उंचीवर होती. म्हणजे छप्पर एकाने पाहिले होते आणि फरशी दुसऱ्याने.

माणसांची चूक त्याहून मोठी होती. सपाट जमिनीवर आपण उभे असू, तर आपल्याएवढ्या उंचीच्या प्रत्येक उभ्या माणसाचे डोळे क्षितिजरेषेवरच, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवरच्या आडव्या रेषेवरच येतात, मग तो चार पावलांवर असो की फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. दूरचा माणूस लहान दिसतो तो पायांकडून. डोके आपल्या पातळीवरून हलत नाही. मी मात्र दूरच्या माणसांची डोकी खाली खाली आणत गेले होते, त्यामुळे मागची माणसे खड्ड्यात उभी असल्यासारखी दिसत होती. चौदा माणसांपैकी अकरा चुकीची निघाली. वेळ : 2 तास.

4 जून

आज पेन्सिल जवळजवळ हातात घेतलीच नाही. क्षितिजरेषा कोठे घ्यायची, या एकाच प्रश्नावर दिवस गेला, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने यथार्थदर्शनाचा, म्हणजे सपाट पृष्ठावर खोली दाखवण्याच्या पर्स्पेक्टिव्ह या पद्धतीचा जो प्रयोग केला, त्यात पाहणाऱ्याला चित्राच्या पाठीमागे उभे राहून फळीतल्या लहानशा छिद्राला डोळा लावावा लागे आणि समोर धरलेल्या आरशात त्या चित्राचे प्रतिबिंब पाहावे लागे. एक डोळा आणि एक ठरलेली जागा, हीच त्या पद्धतीची अट आहे. पर्स्पेक्टिव्हची रेषा ओढण्याआधी तो डोळा कोणाचा हे ठरवावे लागते, आणि जुन्या चित्रात मी ते ठरवलेच नव्हते. सवयीने उभ्या प्रौढ माणसाची दृष्टिपातळी घेतली होती. तेथून आजोबांच्या टोपीचा माथा दिसत होता, चेहरा मिटून गेला होता, आणि मुलगाही वरून पाहिल्यामुळे उगाच केविलवाणा वाटत होता.

दृष्टिपातळी मुलाच्या डोळ्यांची घेतली, म्हणजे जमिनीपासून सुमारे 125 सेंमी, तर काय होते ते कच्चे काढून पाहिले. बाकावर मान टाकून बसलेल्या आजोबांचा चेहरा क्षितिजरेषेच्या जरासाच खाली येतो, म्हणजे मुलाचा आणि आजोबांचा चेहरा जवळजवळ एका पातळीवर येतात. उभ्या प्रौढांची क्षितिजरेषा काखेतून जाते आणि त्यांची डोकी वर निघतात, त्यामुळे मुलाला मोठ्यांचे जग जसे दिसते तसे ते न सांगता दिसू लागते. याची किंमतही आहे. क्षितिज खाली आले की जमीन चपटी होते, आणि चौदा माणसे वेगवेगळ्या खोलीवर मांडायला तिच्यावर जागाच उरत नाही. नऊ माणसे काढून टाकली. त्यांतला वर्तमानपत्र विकणारा मला मनापासून आवडत होता, पण गाडी गेल्यावर इतक्या रात्री तो तेथे काय करतो याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. वेळ : 3 तास.

7 जून

4 × 6 सेंमीच्या चौकटींत 24 थंबनेल, म्हणजे रचनेची इवलीशी कच्ची चित्रे काढली. नियम एकच ठेवला, की गडद, मध्यम आणि उजळ या तीनच छटा वापरायच्या आणि चेहरे, कपडे, फरश्या यांतले काहीही काढायचे नाही. पहिली आठ-दहा एकमेकांसारखीच निघाली, कारण हात जुन्या चित्राकडेच वळत होता. पंधराव्यापासून काहीतरी सुटे झाले.

मुख्य प्रश्न लोपबिंदूचा होता. सगळ्या रेषा जेथे धावतात तेथे नजरही धावते, म्हणून तो बिंदू गोष्टीच्या कामी यायला हवा. वेलास्केस या स्पॅनिश चित्रकाराच्या 1656 च्या ‘लास मेनिनास’ या राजघराण्यातील चित्रात लोपबिंदू मागच्या उघड्या दारात उभ्या असलेल्या माणसाजवळ आहे, आणि एवढ्या गर्दीतही नजर त्या लहानशा आकृतीकडे पुन्हा पुन्हा जाते. मी सुरुवातीला तो मुलाच्या डोक्यावर ठेवला. चुकले. छपराच्या, फलाटाच्या आणि रुळांच्या रेषा त्याच्या डोक्यातून किरण फुटावेत तशा दिसू लागल्या आणि साध्या मुलाचा अवतारी पुरुष झाला. तो आजोबांवर ठेवून पाहिला, तर मुलगा पाहुणा वाटायला लागला.

शेवटी लोपबिंदू दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत ठेवला, कागदाच्या डाव्या कडेपासून 19 सेंमीवर. मुलगा त्याच्या डावीकडे, आजोबा उजवीकडे, आणि मधल्या फटीतून दूर गेलेल्या गाडीचा शेवटचा लाल दिवा. गोष्ट त्या फटीतच आहे, कारण मुलाने अजून न ओलांडलेले अंतर ते हेच. वेळ : 4 तास.

10 जून

पूर्ण मापाचा आराखडा कार्ट्रिज कागदावर घेतला. क्षितिजरेषा खालच्या कडेपासून 15 सेंमीवर. लोपबिंदूवर टाचणी रोवली, तिला दोरा बांधला आणि प्रत्येक रेषेची दिशा दोरा ताणून तपासली. ही युक्ती जुनी आहे. व्हर्मेर या डच चित्रकाराच्या अनेक चित्रांत लोपबिंदूच्या जागी टाचणीचे छिद्र सापडले आहे, आणि लिओनार्दोच्या मिलानमधल्या शेवटच्या भोजनाच्या भित्तिचित्रात ख्रिस्ताच्या कानशिलाजवळ खिळ्याची खूण आहे. पट्टीपेक्षा दोरा बरा, कारण पट्टी एका रेषेवरून दुसरीवर सरकवताना चूक साठत जाते आणि दोरा नेहमी त्याच बिंदूतून निघतो.

फरश्यांनी मात्र दुपार खाल्ली. चौरस फरश्या मागे किती वेगाने आखूड होतात हे अंदाजाने ठरवता येत नाही. त्यासाठी अंतरबिंदू लागतो. फरश्यांचे कर्ण क्षितिजरेषेवरच्या या बिंदूत मिळतात आणि लोपबिंदूपासूनचे त्याचे अंतर म्हणजे पाहणाऱ्याचे चित्रापासूनचे अंतर. जुन्या चित्रात मी तो सोयीसाठी कागदाच्या आतच, लोपबिंदूपासून 14 सेंमीवर घेतला होता. त्याचा अर्थ असा, की पाहणाऱ्याने 56 सेंमी रुंदीच्या चित्राला 14 सेंमीवर नाक लावून उभे राहायचे. कडेच्या फरश्या लांबट पतंगासारख्या ताणल्या गेल्या होत्या आणि उजव्या कडेचे बाक रबराचे असल्यासारखे वाटत होते, त्याचे कारण आज कळले. या वेळी अंतर 60 सेंमी घेतले. अंतरबिंदू कागदाच्या उजव्या कडेबाहेर 23 सेंमीवर गेला, म्हणून टेबलावर चिकटपट्टी लावून त्यावर तो मांडला. आता चित्राची दूरची उजवी कडसुद्धा नजरेच्या मध्यापासून सुमारे 32 अंशांवर येते आणि ताण जाणवत नाही. टेबल लहान असेल त्याने निम्म्या मापाच्या कागदावर हेच आखावे आणि मग मोठे करून घ्यावे. वेळ : 6 तास, त्यांतले दोन चिकटपट्टी सरकल्यामुळे पुन्हा आखण्यात.

12 जून

छपराचे खांब. पहिले दोन खांब मनाप्रमाणे ठेवता येतात, तिसऱ्यापासून मन चालत नाही. पहिल्या खांबाचा मध्य काढून तेथून लोपबिंदूकडे रेषा नेली. ती दुसऱ्या खांबाला जेथे छेदते तो त्याचा मध्य. मग पहिल्या खांबाच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या मध्यातून जाणारी तिरपी रेषा जमिनीच्या रेषेला जेथे भेटते तेथे तिसरा खांब उभा केला, आणि पुढचे सगळे याच पद्धतीने. वेळ : 1 तास. जुन्या चित्रात हेच खांब डोळ्याने लावायला अख्खी संध्याकाळ गेली होती आणि तरी पाचव्या खांबाशी फलाट संपल्यासारखा वाटत होता.

15 जून

माणसे. उंचीसाठी आता एकच हिशेब पुरतो. पायांपासून क्षितिजरेषेपर्यंतचे अंतर म्हणजे नेहमी 125 सेंमी. मुलाचे पाय क्षितिजाखाली 11.5 सेंमीवर आहेत, म्हणून 135 सेंमी उंचीचा मुलगा कागदावर 12.4 सेंमी उंच झाला. दूरच्या हमालाचे पाय क्षितिजाखाली 4 सेंमीवर आहेत, म्हणून 170 सेंमी उंचीचा तो माणूस सुमारे 5.4 सेंमीचा. पाचही माणसे अर्ध्या तासात बसली आणि पहिल्यांदाच ती एका फलाटावर उभी राहिली.

नंतर कडांची गाठ पडली. मुलाच्या टोपीची कड मागच्या खांबाच्या कडेला नेमकी चिकटत होती आणि आजोबांचा गुडघा बाकाच्या टोकाला. दोन आकारांच्या कडा अशा नुसत्या टेकल्या की कोण पुढे आणि कोण मागे हे कळेनासे होते. मुलगा 6 मिलिमीटर डावीकडे सरकवला, त्यामुळे टोपी खांबावर स्पष्ट चढली. आजोबांचा गुडघा पुढे आणून बाकाचे टोक त्यामागे झाकले. वेळ : 5 तास.

17 जून

आराखडा तिघांना दाखवला. काहीही न सांगता फक्त विचारले, की येथे काय चालले आहे?

पहिल्याने सांगितले, मुलगा झोपलेल्या माणसाचा खिसा मारतो आहे. दुसरीने थोडे थांबून तेच सांगितले. तिसऱ्याला मुलगा भीक मागत आहे असे वाटले.

मला वाईट वाटले, पण नंतर चित्र त्यांच्या डोळ्यांनी पाहिले तेव्हा त्यांचे म्हणणे पटले. उठवावे की नाही या विचारात पुढे आलेला मुलाचा हात कोटाच्या खिशापासून बोटभर अंतरावर होता. मुलगा वाकलेला होता आणि त्याची नजर चेहऱ्याकडे असली तरी टोपीच्या सावलीमुळे ती दिसत नव्हती. त्याचा प्रवासही कोठे दिसत नव्हता, कारण त्याची पिशवी मी रचना मोकळी व्हावी म्हणून काढून टाकली होती. रचनेसाठी जे काढले त्यातच गोष्टीचा पुरावा होता. पर्स्पेक्टिव्ह अगदी बरोबर असलेले चित्र संपूर्ण खोटी गोष्ट सांगत होते. वेळ : 1 तास.

20 जून

तीन दिवस हात, पाय आणि वस्तू यांवरच काम केले. मुलाचा हात मागे घेऊन छातीपाशी आणला, बोटे अर्धवट मिटलेली, म्हणजे उचललेला हात परत घेतला असे दिसावे. शरीराचा भार मागच्या पायावर टाकला. टोपी काढून दुसऱ्या हातात दिली, त्यामुळे कपाळावर उजेड आला. पिशवी जमिनीवर त्याच्या पायाशी ठेवली. ती आधी तरंगत होती. पिशवी जेथे फरशीला टेकते तेथे अरुंद, अतिशय गडद अशी सावलीची चीर दिल्यावर तिला वजन आले.

पण खरा बदल आजोबांकडे झाला. ते कोणाची तरी वाट पाहत आहेत हे कशाने दिसेल? घड्याळ काढून पाहिले, ते फलाटावर असतेच, म्हणून काहीच सांगत नाही. हातात पत्र दिले, तर त्याचा मजकूर काय असेल असा नवा प्रश्न उभा राहिला. मग छत्री सुचली. आजोबांच्या मनगटाला त्यांची मोठी, काळी, आकड्याच्या मुठीची छत्री लटकते आहे आणि मांडीवर दुसरी, लहान मुलाची, आखूड दांड्याची छत्री आडवी ठेवली आहे. झोपेतही त्यांचा हात तिच्यावर आहे. ती नीट गुंडाळून तिचा पट्टा बटणाने लावलेला आहे आणि कापड कोरडे आहे. मोठ्या छत्रीच्या टोकाखाली मात्र फरशीवर पाण्याचा लहानसा डाग आहे. आजोबा पावसातून आले, आणि लहान छत्री उघडायची वेळ अजून आलेली नाही. फलाटाच्या उघड्या बाजूला पावसाच्या रेघाही त्यामुळे सार्थ झाल्या, नाही तर त्या नुसत्या सजावट होत्या. वेळ : तिन्ही दिवस मिळून 8 तास.

24 जून

ज्यांनी आधी पाहिले नव्हते अशा दुसऱ्या तिघांना दाखवले. दोघांनी मुलगा आणि आजोबा हे नाते स्वतःहून सांगितले. एकीने लहान छत्रीवर बोट ठेवून विचारले, ही याचीच ना? तिसऱ्याला गाडी गेल्याचे लक्षात आले नाही, कारण लाल दिवा अजून पेन्सिलीचा नुसता ठिपका आहे. त्याला रंगाची वाट पाहावी लागेल.

28 जून

एक कागद आणि नऊ तास वाया गेले. काल आराखडा लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या पेटीवर ठेवून जलरंगाच्या कागदावर उतरवून शाईने पक्का केला, आज पहिला राखाडी हात दिला आणि सगळी रेघ फुटली. आजोबांचा चेहरा जांभळट डागाखाली गेला. बाटली नवी होती, मी ती जलरोधक आहे असे गृहीत धरले आणि कागदाच्या तुकड्यावर ओला कुंचला फिरवून पाहिले नाही. त्या चाचणीला दोन मिनिटे लागतात. जुन्या बाटलीतली शाई वाळवून तपासली, ती टिकली. पुन्हा उतरवायला बसले. आराखडा वेगळ्या कागदावर सुरक्षित होता एवढे बरे झाले. थेट जलरंगाच्या कागदावर आखला असता तर 10 जूनपासूनचे सारे गेले असते.

5 जुलै

सावल्या. आधीच्या आराखड्यात सगळ्या सावल्या एकमेकींना समांतर होत्या, जणू रात्री ऊन पडले आहे. सूर्य इतका दूर असतो की त्याच्या सावल्या जमिनीवर समांतर मानता येतात. छपराला टांगलेला दिवा जवळ असतो आणि त्याच्या सावल्या त्याच्यापासून चहूकडे पसरतात. दिव्याच्या बरोबर खाली फरशीवर जो बिंदू येतो तेथून पिशवीच्या तळातून एक रेषा नेली, दिव्यापासून पिशवीच्या माथ्यातून दुसरी, आणि दोन्ही जेथे भेटल्या तेथे सावलीचे टोक. हे काढताना लक्षात आले, की दिवा मुलाच्या मागे घेतला तर त्याची सावली पुढे लांबून आजोबांच्या बुटांपर्यंत पोहोचते. दिवा त्याप्रमाणे हलवला. मुलगा अजून पोहोचलेला नाही, त्याची सावली पोहोचली आहे. वेळ : 4 तास.

9 जुलै

फोनवर चित्राचा कृष्णधवल फोटो काढला. रंगात जे वेगळे वाटत होते ते छटेत एकच निघाले, म्हणजे छपराचा तपकिरी, आजोबांच्या कोटाचा निळा आणि मागच्या भिंतीचा हिरवट हे तिन्ही मध्यम-गडद. आजोबा भिंतीत विरघळले होते. भिंतीच्या त्या भागावरचा रंग ओल्या कुंचल्याने उचलून तो उजळ केला आणि कोटावर आणखी दोन हात दिले.

दूरचे टोक फिकट निळसर करण्याची चूकही येथेच सापडली. दिवसा हवेमुळे लांबचे आकार फिकट होतात, म्हणून तो हात आपोआप चालतो. रात्री फलाटावर मात्र उजेड दिव्यांखालीच साठतो आणि अंतर वाढले की झपाट्याने ओसरतो. टोक अंधारात बुडवले, दोन दिव्यांमधल्या फरश्याही गडद केल्या, आणि मग दूरचे दिवे उजेडाच्या वेगवेगळ्या तळ्यांसारखे दिसू लागले.

लाल दिवा पहिल्यांदा शुद्ध लाल लावला. सगळे चित्र त्याच्याभोवती फिरू लागले, दोघे माणसे त्याची चौकट झाली. त्यावर पातळ तपकिरी हात देऊन तो मंदावला, कडा ओल्या कागदावर सोडल्या आणि आकार निम्मा केला. सर्वांत उजळ जागा आता मुलाचे कपाळ आणि लहान छत्रीवरचा हात या दोनच आहेत. वेळ : 7 तास.

13 जुलै

शेवटचा दिवस. एकूण 52 तास आणि एक वाया गेलेला कागद. ओल्या फरशीतली दिव्यांची प्रतिबिंबे मी दूर जाणाऱ्या रेषांसारखी तिरपी काढली होती, ती सरळ उभी खाली आणली. उजव्या कडेचे रिकामे बाक अजून थोडे जड वाटते. त्यावरचा उजेड आणखी कमी करायला हवा होता, पण कागद आता रंग उचलणे सहन करणार नाही.

24 जूनला गाडी न दिसलेल्या माणसाला चित्र पुन्हा दाखवले. त्याने आधी मुलाकडे पाहिले, मग छत्रीकडे, मग दोघांच्या मधून मागे. “गाडी गेली का?” त्याने विचारले, आणि थोड्या वेळाने, “मग याला घाई कशाला, झोपू दे की त्यांना.”